खेळात पुढे जावा म्हणून मुलाला पहिलीत एक वर्ष उशिरा घालावं का?

तुमचा मुलगा डिसेंबर 2020 चा, आत्ता सिनियर केजीत. अमेरिकेतले मेहुणे म्हणाले की तिकडे पोराला मुद्दाम वर्षभर मागे ठेवतात, मग ते वर्गात दांडगं ठरतं आणि शाळेच्या संघात लवकर लागतं. तर आपणही ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय. खेळासाठी म्हणून ठेवू नका. मी हे करून बसलोय.

मेहुणे चुकीचं सांगत नाहीत. तिकडे शाळेचे संघ बरेचसे इयत्तेवर बेतलेले असतात, त्यामुळे वर्षाने थोराड मुलाचं फावतं. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे, आणि वय धरतात 31 डिसेंबरचं. शाळेतून एंट्री जाते ती जन्मतारखेवर. तुमचा मुलगा तेव्हा सातवीत असो की आठवीत, 14 खालचं त्याचं शेवटचं वर्ष 2033 च. मागे ठेवून मिळणार काय, तर शाळेच्या आंतरवर्गीय कबड्डीत तो भारी पडेल. त्यासाठी केजीची फी दुसऱ्यांदा भरायची? पुण्यात?

माझा मुलगा ऑगस्ट 2006 चा. 2012 ला पहिलीत जायचा तो आम्ही 2013 ला घातला. सणस मैदानावर ओळख झालेले एक प्रशिक्षक म्हणाले, "घाई कशाला, अंगाने भरू दे की." मला तेच ऐकायचं होतं. पुढे पोरगा 800 मीटर बरा पळायला लागला. आता गंमत बघा. कुठल्याही गटात शेवटचं वर्ष सगळ्यात मोलाचं, कारण त्या वर्षी तुम्ही गटातले सगळ्यात मोठे असता. 17 खालचं त्याचं ते वर्ष होतं 2022. आधीची दोन वर्षं कोरोनाने खाल्ली होती, म्हणजे सगळी भिस्त त्यावरच. आणि 2022 ला साहेब दहावीत! वेळेवर घातला असता तर अकरावीत असता, निवांत. विभागीय स्पर्धा आली तेव्हा सकाळी ट्रॅकऐवजी गणिताचा क्लास चालू होता. गेला, हीटमध्येच बाहेर पडला, आणि परतीच्या बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

खरं सांगायचं तर एक वर्ष पदरात पडलंही. उशिरा घातल्यामुळे 2024 ला तो अजून बारावीत होता, म्हणून 19 खालच्या गटात आणखी एकदा उतरता आलं असतं. पण सीईटीच्या धबडग्यात एंट्रीच भरली नाही.

तुमचं गणितही असंच बसतं. 17 खालचं शेवटचं वर्ष 2036. आत्ता जूनमध्ये, म्हणजे 2026 ला घातलात तर तेव्हा तो अकरावीत, 2027 ला घातलात तर दहावीत.

डिसेंबरचा जन्म म्हणजे त्या वर्षाच्या मुलांत सगळ्यात धाकटा, ही अडचण खरीच आहे. कॅनडातल्या आइस हॉकीत जानेवारी ते मार्चची मुलं जास्त दिसतात, हे 1980 च्या दशकातच लक्षात आलं होतं. तिथेही वर्ष 1 जानेवारीपासून धरतात. पण हा फरक तारखेचा आहे, पहिलीतल्या प्रवेशाने तो हलत नाही. मैदानावर कोणीतरी हळूच जन्मदाखल्यावरची तारीख बदलायचं "बघू" म्हणेल, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. क्रिकेटमध्ये तर 16 खालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात.

शाळेसाठी थांबवायचं असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्याच जूनमध्ये पहिलीत बसू शकतं, म्हणजे तुमचा जेमतेम साडेपाचचा असेल. केजीच्या बाई म्हणत असतील की अजून बसवत नाही, रडतो, पेन्सिल धरवत नाही, तर खुशाल वर्षभर थांबा.

आणि खेळ कोणता, ते तुम्ही लिहिलंच नाही. क्रिकेट असेल तर बीसीसीआय वय 1 सप्टेंबरला मोजतं. तिथे सप्टेंबरची मुलं थोरली, ऑगस्टची धाकटी, म्हणजे तुमचा डिसेंबरवाला न मागता थोरल्यांच्या रांगेत. माझा ऑगस्टवाला तिथे पार शेपटाला गेला असता.