एमआरआयच्या अहवालात ‘मणक्याचा टीबी किंवा बुरशीचा संसर्ग’ असे दोन्ही लिहिले आहे. रेडिओलॉजिस्टला नक्की सांगता येत नाही का? कॉन्ट्रास्टसह (शिरेतून विशिष्ट द्रव्य देऊन) पुन्हा एमआरआय करावा का?

आपल्या आईंच्या अहवालात दोन्ही शक्यता लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ‘हात झटकले’ असे आपण म्हटले आहे, म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि हा आरोप मी स्वतः ऐकून घेतलेला आहे.

२०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, भरपूर स्टेरॉइड घेतलेले एक मधुमेही गृहस्थ असह्य कंबरदुखीमुळे आमच्याकडे एमआरआयसाठी आले. कमरेच्या दोन लगतच्या मणक्यांत सूज आणि बाजूला थोडा पू, म्हणजे आपल्याकडे कोणीही प्रथम टीबीच म्हणेल असे चित्र होते. मात्र नेहमीच्या जिवाणूंमुळे पू झालेली मणक्यांमधली चकती एमआरआयच्या टी२ प्रतिमेत (जिच्यात पाणी व पू पांढरे दिसतात) जशी पांढरीशुभ्र दिसते, तशी ती दिसत नव्हती, आणि एंडप्लेटच्या, म्हणजे मणक्याच्या चकतीलगतच्या पृष्ठभागाच्या, कडा दातेरी झाल्या होत्या. बुरशीतील लोह व मँगनीजमुळे टी२ वरील ही चकाकी दबते, असे मानले जाते. ही खूण पक्की नाही, कारण टीबीतही चकती बराच काळ शाबूत राहू शकते. म्हणून मी दोन्ही शक्यता नोंदवून सीटीच्या साहाय्याने बायोप्सी करावी, म्हणजे सुईने ऊतींचा नमुना घ्यावा, असे लिहिले.

उपचार करणाऱ्या ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांनी फोनवरच सुनावले, “डॉक्टर, एक काय ते लिहा. तुमच्या शंकेपायी पेशंटला सुई का टोचायची?” एकेटी (टीबीवरील औषधोपचार) सुरू झाली, वेदना वाढत गेल्या, आणि पुढच्या एमआरआयमध्ये एंडप्लेट आणखी खाल्ली गेलेली दिसल्यावर अखेर बायोप्सी झाली. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ॲस्परजिलस ही बुरशी वाढली. त्यावर व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध द्यायचे, तर आधी एकेटीतील रिफाम्पिसिन थांबवावे लागले, कारण ते व्होरिकोनॅझोलची रक्तातील पातळी इतकी खाली आणते की ही दोन औषधे एकत्र देताच येत नाहीत. ‘दोन्ही उपचार एकदम करून टाकू’ हा सोपा वाटणारा मार्ग इथेच बंद होतो.

संसर्ग शोधण्यात एमआरआयचा हात धरणारी दुसरी तपासणी नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये पाठीत दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांतून एक्सेरोहायलम ही बुरशी पसरली, तेव्हा मिशिगनमध्ये ती इंजेक्शने घेतलेल्या, पण उपचारासाठी न आलेल्या १७२ जणांचा एमआरआय केला असता ३६ जणांत दोष आढळला. पण संसर्ग नेमका कोणत्या जंतूचा, हे ऊतींचा नमुनाच सांगतो. ज्यांना अहवालात एकच नाव हवे असते, त्यांना निदान नको असते, जबाबदारी टाकायला जागा हवी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बायोप्सीचा नमुना केवळ फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) जाऊ देऊ नका, त्यातून कल्चर होत नाही. काही भाग सलाइनमध्ये पाठवून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी), टीबीचे कल्चर आणि बुरशीचे कल्चर या तिन्हींसाठी लेखी मागणी करायला सांगा. अर्थात पहिल्या बायोप्सीत काहीच सापडले नाही, असेही घडते, आणि ती पुन्हा करावी लागते.

पहिला एमआरआय कॉन्ट्रास्टविना झाला असेल, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून कॉन्ट्रास्टसह करून घ्यावा. पू मज्जारज्जूपर्यंत पोहोचला आहे का आणि सुई कुठे घालावी, हे त्यावरून कळते. टीबी की बुरशी, हे त्यावरूनही ठरणार नाही. मात्र आईंच्या पायांतील ताकद कमी झाली किंवा लघवी अडली, तर यातील कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी मणक्याच्या शल्यचिकित्सकांकडे न्यावे.