शेतराखणीची बंदूक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलांची १२ बोअरची दुनळी आता माझ्या परवान्यावर आली आहे. वर्षभर कपाटात पडून होती. रानडुकरांच्या राखणीला काढण्याआधी काय तपासू? (एक बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर: भरलेलीच आहे असं धरून हात लावा. नळीचं तोंड माणसं-गुरं नाहीत अशा बाजूला, बोट चापापासून लांब. खटका सरकवून बंदूक उघडा, दोन्ही चेंबर (नळीचा काडतूस बसतं तो मागचा भाग) डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा.

मग नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा आणि चेंबरच्या बाजूने आरपार बघा. आपल्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही भोकात मातीचं घर करते. नळी तिला सोयीचीच. चिंधीचा विसरलेला बोळाही तेवढाच वाईट. अडथळा असताना बार काढला तर दाब तिथे कोंडतो आणि नळी फुगते किंवा फाटते. पुढचा हात नेमका तिथेच असतो.

तिसरी गोष्ट बरेच जण पाहत नाहीत. जुन्या बंदुकांचं चेंबर पुष्कळदा ६५ मिमीचं असतं, हल्लीची काडतुसं बहुधा ७० मिमीची. पण काडतुसाची ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची. त्यामुळे ७० चं नवं काडतूस ६५ च्या चेंबरात बिनबोभाट बसतं. उडताना मात्र तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचा. नसेल तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या.

घरात २० बोअरचीही बंदूक असेल तर काडतुसं कधीही एकत्र ठेवू नका. बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक, म्हणून २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे घसरून अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, म्हणून मागे १२ चं भरलं जातं. पुढचं सांगायला नको.

प्रश्न: कातडी म्यानात ठेवूनही पावसाळ्यात गंज चढतो. (गुहागर)

उत्तर: म्यानामुळेच चढतो. कातडं आणि कॅनव्हास ओल धरून ठेवतात, त्यात खारी हवा. म्यान फक्त ने-आण करायला. नळीतून आधी कोरडा, मग तेलाचा कपडा फिरवा, बाहेरून हाताचा घाम पुसा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला. बार काढण्याआधी नळीतलं तेल पुसायचं. बंदूक कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. चुलीवरच्या माळ्यावर ती मुळीच नकोत.

फुगलेलं किंवा पितळ हिरवं पडलेलं काडतूस उन्हात वाळवून वापरू नका. चाप ओढूनही बार झाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेलाच धरून ३० सेकंद थांबा, मग उघडा. बार फुसका वाटला तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळी पाहा. काडतुसातला, दारू आणि छर्रे यांच्यामधला बूच अडकलेला असू शकतो.

प्रश्न: गडगा (दगडी कुंपण) ओलांडताना सेफ्टी लावली की पुरे ना? (राजापूर)

उत्तर: नाही. बहुतेक दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, काडतुसावर ठोका देणारा आतला घोडा चढलेलाच राहतो. बंदूक आदळली तर तो सुटू शकतो. काडतुसं काढून खिशात टाका आणि मगच गडगा चढा. साकवावरही तेच.

रात्री आवाजाच्या रोखाने बार काढू नका. जांभ्याच्या कातळावरून छर्रे उसळतात, आणि एलजीचा (मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाचा) जाड छर्रा ६०० मीटरपर्यंत सहज जाऊ शकतो. तेवढ्या अंतरात आपल्याकडे दुसरी वाडी येते. शेतराखणीचा परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.