टँकच्या मागे काय लावू, भाऊ?

या वेळी पत्रं चाळायला बसलो तर पाचातली तीन एकाच गोष्टीवर, मासे कोणते घेऊ नाही, फिल्टर कोणता नाही, टँकच्या मागच्या काचेला काय लावू! बरं झालं एका परीने, कारण हा विषय दुकानात कोणी समजावून सांगत नाही, रोल उलगडतात आणि मीटरवर कापून हातात देतात. म्हणून यावेळचं सगळं पान मागच्या काचेचं.

प्रश्न : भाऊ, दिवाळीत पोरांसाठी दोन फुटी टँक आणला, त्यात चार गोल्डफिश आहेत. दुकानदाराने समुद्राच्या तळाचं पोस्टर फुकट दिलं, ते वरून चिकटपट्टीने लावलं. आता मागे पाणी उतरून चंदेरी चट्टे दिसतात, वायर आणि नळ्या पण दिसतात. नवीन कोणतं घेऊ, निळं, काळं का परत चित्राचंच? (एक वाचक, चोपडा)

दादा, पहिले ते पोस्टर काढा. फुकट दिलं म्हणून ठेवायचं असं काही नाही. गोल्डफिश हा चीनमध्ये हजारेक वर्षं पाळत आणलेला गोड्या पाण्यातला मासा, कार्पच्या घराण्यातला, आणि त्याच्या मागे खाऱ्या समुद्रातली जांभळी प्रवाळं, म्हणजे केळीच्या बागेत नारळाचं पोस्टर लावल्यासारखं. तरी पोरांना आवडत असेल तर माझी हरकत नाही, मासा काही तक्रार करत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, त्या चित्रात मासा हरवतो. आमच्या शेजारच्या आजी एकदा माझ्या जुन्या टँकपुढे चष्मा पुसून पुसून बघत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "मासा कोठे शेतस रे भो? माले ते नुस्ता फुलंच दिखी ऱ्हायनात." त्याच संध्याकाळी मी चित्र उतरवलं.

माझं मत विचाराल तर काळं. बिनचमकीचं, साधं काळं. केशरी-लाल गोल्डफिश काळ्यावर जसा उठून दिसतो तसा कशावरच नाही, आणि तुमची वायर, नळी, फिल्टरची काळी डबी सगळं त्यात विरघळून जातं. निळं वाईट नाही, पण फिकट निळं घेतलं तर मागून प्रकाश आरपार येतो आणि भिंतीवरचा प्लगसुद्धा दिसतो. निळं घ्यायचंच तर गडद घ्या.

अजून एक गंमत आहे. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, त्यात काळ्या रंगद्रव्याचे कण असतात. आजूबाजूला अंधारं असलं की हे कण पेशीभर पसरतात आणि मासा गडद होतो, पांढरं-फिकट असलं की कण मधोमध गोळा होतात आणि मासा फिका पडतो. हे काही मिनिटांत पण होतं, आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्या पेशींची संख्यासुद्धा कमीजास्त होते. म्हणून दुकानात पांढऱ्या टबातला मासा घरी काळ्या पार्श्वभूमीवर आला की आठ-पंधरा दिवसांत "अरे हा तोच का" असं वाटतं. फक्त काळी मॉली असेल तर काळं लावू नका, नुसते डोळे फिरताना दिसतील!

आता कागद कुठला. दुकानातला रोल महाग वाटत असेल तर आपल्या खान्देशात याचा पर्याय घरोघरी पडलेला असतो, मल्चिंग पेपर. टरबुजाच्या नाहीतर मिरचीच्या वाफ्यावर अंथरतो ना, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळा, तोच. उरलेला तुकडा घ्या, वापरलेला नको, त्याला माती आणि औषध लागलेलं असतं. काळी बाजू काचेकडे, चंदेरी बाहेर. एकच पदर पातळ असतो, म्हणून दुहेरी करा. माझ्याकडे दोन टँकना तोच आहे आणि आलेला माणूस विचारतो हे कुठून मागवलं, मी म्हणतो वावरातून.

चंदेरी चट्टे का दिसतात, तर काच आणि कागद यांच्यामधे कुठे हवा आहे आणि कुठे पाणी. पाणी असतं तिथे कागद काचेला धरून राहतो आणि स्वच्छ दिसतो, हवा असते तिथे काच चमकते. म्हणजे सगळीकडे हवा काढली की काम झालं. पोस्टर काढून काच बाहेरून पुसून घ्या, क्षाराचे पांढरे ओघळ असतील तर व्हिनेगरच्या फडक्याने निघतात, मग काचेला ग्लिसरीनचा अगदी पातळ हात द्या, मेडिकलमधली छोटी बाटली पुरते, त्यावर कागद वरून खाली सोडत जा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा. जास्तीचं ग्लिसरीन कडेने येईल ते पुसा आणि चारही कडांना वायरमनची काळी टेप मारा, वरच्या कडेला तर नक्कीच, कारण पाणी तिथूनच उतरतं. खोबरेल तेल वापरू नका. मी वापरलं होतं, मे महिन्यात एकदम झकास दिसत होतं, आणि डिसेंबरात आपल्याकडे थंडी पडली तसं मागे तेल गोठून सगळ्या काचेवर पांढरे ढग! पाहुणे म्हणायचे भारी डिझाइन आहे.

जाता जाता, दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी बसतं, तेही काठोकाठ. चार गोल्डफिश वाढले की ते कमी पडणार. तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे हॉलमध्ये फायटर मासा आहे, छोट्या टँकमध्ये. मिस्टरांचं म्हणणं मागे आरसा लावू, टँक दुप्पट मोठा दिसेल. लावू का? (एक वाचक, धुळे)

ताई, नको. फायटरला आरशात दुसरा फायटर दिसतो. तो गाल फुगवतो, पंख ताणतो, आणि समोरचा पळून जात नाही म्हटल्यावर दिवसभर तेच चालू ठेवतो. पाच मिनिटं बघायला मजा वाटते, पण माणसाच्या दारात चोवीस तास कोणी भांडायला उभं राहिलं तर काय होईल तसं होतं त्याचं, खाणं सुटतं, पंख फाटतात. कधीमधी दोन मिनिटं हातातला आरसा दाखवला तर चालतं. चमकणारा गिफ्ट पेपर पण त्याच कारणाने नको. मिस्टरांना सांगा आरसा बेसिनवर लावा.

प्रश्न : भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. व्हिडिओ बघून थर्माकोल कोरून त्यावर सिमेंट मारून खडकाची भिंत बनवायची आहे, टँकच्या आतून. थर्माकोल दोन इंची आणलाय. काय काळजी घेऊ? (एक वाचक, भुसावळ)

हे काम भारी आहे आणि नीट झालं तर आपल्या सातमाळा डोंगराच्या कड्यासारखी भिंत होते, पण यात मी पोळलेलो माणूस आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थर्माकोल तरंगतो, हे सगळ्यांना माहीत असतं, किती जोरात ते माहीत नसतं. दोन फूट बाय एक फूट बाय दोन इंच म्हणजे साधारण साडेनऊ लिटरचा ठोकळा. तो पाण्याखाली धरला तर जवळजवळ नऊ किलोच्या जोराने वर ढकलतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चार कोपऱ्यांना सिलिकॉनचे चार ठिपके लावले, दोन दिवस मस्त, तिसऱ्या रात्री दोन वाजता धाडकन आवाज, उठून बघतो तर भिंत पाण्यावर आडवी, वरचा लाइट खाली लोंबकळतोय, वाळू सगळीकडे आणि मासे कोपऱ्यात चिडीचूप. तेव्हा सिलिकॉन पूर्ण पाठीला लावा, आडव्या-उभ्या रेघा मारून, आणि चारही कडा बंद करा म्हणजे मागे मासा शिरून अडकणार नाही. सिमेंटच्या वजनावर भरवसा ठेवू नका.

सिलिकॉन घेताना, लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते साधं काचेचं सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठी बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं येतं ते अजिबात नको, ते औषध पाण्यात उतरतं. लावून झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, दोन दिवस तर किमान, जाड थर असेल तर आठवडा. आणि थर्माकोलवर थिनरवाला रंग किंवा स्प्रे मारू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. रंग द्यायचा तर सिमेंटमध्येच कोरडा ऑक्साइड रंग कालवा.

आता सिमेंट. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचा आकडा, धडाधड चढतो, त्यात मासा सोडला तर सकाळी पोट वर. पातळ थर द्या, तीन-चार हात, प्रत्येक हात ओला ठेवून पिकू द्या, मग टँक भरून तीन-चार आठवडे नुसतं पाणी ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला. पीएचचं किट मिळतं, ते आणा. नळाच्या पाण्याचा आणि टँकच्या पाण्याचा आकडा चार-पाच दिवस सारखा राहिला की समजा झालं. आपल्याकडे बोअरचं पाणी आधीच जड, हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो ते तुम्ही बघतच असाल, त्यात सिमेंटची भर. म्हणून अशा टँकमध्ये मॉली, गप्पी, आफ्रिकन सिक्लिड हे मासे खूश राहतात, निऑन टेट्रा आणि डिस्कस यांच्या वाटेला जाऊ नका.

भिंतीमागे एका कोपऱ्यात फिल्टरची मोटर लपवायची जागा सोडा, पण वरून हात जाईल अशी. मोटर कधीतरी अडकतेच आणि तेव्हा अख्खी भिंत खरवडून काढायची वेळ येते. हो, आणि साडेनऊ लिटर पाणी कमी झालं हे धरून मासे पण कमी सोडा.

गाड्यांच्या धडधडीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, क्वार्टर रुळाला लागून असेल तर टँकखाली थर्माकोलची अर्धा इंची शीट घाला. ती मात्र तिथे खरंच कामाला येते.

प्रश्न : कागदापेक्षा मागची काच रंगवलीच तर? (एक वाचक, नंदुरबार)

रंगवा की. मला तर कागदापेक्षा जास्त आवडतं, पाणी उतरायचा प्रश्नच नाही. फक्त बाहेरून, आतून कधीच नाही. टँक रिकामा असताना पाठ वर करून आडवा ठेवा, काच स्पिरिटने पुसा, कडांना टेप लावा आणि छोट्या रोलरने काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात मारा, ब्रशने मारलं तर रेघा दिसतात. पहिला हात वाळल्यावर उजेडाकडे धरून बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील, ती पुढच्या हातात भरतात. ऑइलपेंट असेल तर वास पूर्ण गेल्याशिवाय मासे त्या खोलीत आणू नका. पुढे कंटाळा आला तर ब्लेडने खरवडून निघतो.

प्रश्न : आमचा टँक पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे, दुसरी जागा नाही. काच हिरवी होते. मागे जाड काळा कागद लावला तर शेवाळ थांबेल का? (एक वाचक, रावेर)

कमी होईल, थांबणार नाही, कारण ऊन वरून आणि बाजूने पण शिरतं. पण शेवाळापेक्षा मला तुमच्या मे महिन्याची काळजी वाटते. रावेर काय, जळगाव काय, भुसावळ काय, पारा ४५ च्या आसपास घुटमळतो, आणि पश्चिमेचं ऊन थेट काळ्या कागदावर पडलं तर कागद तापतो आणि काचेतून पाणी तापवतो. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८ मिलीग्रॅम, ३५ अंशाला ७ च्या खाली. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. म्हणूनच दुपारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

तर खिडकीच्या बाजूने चंदेरी तोंड हवंच, वर चोपड्याच्या दादांना सांगितला तोच मल्चिंग पेपर, आणि शक्य असेल तर त्याच्यामागे थर्माकोलची एक शीट उभी करा, बाहेरून, म्हणजे काच तापणार नाही. खिडकीला ओल्या वाळ्याचा पडदा लावला तर घरालाही थंड. मार्च ते जून एअर पंप रात्री पण बंद करू नका. आणि भाऊ, जागा नाही म्हणता, पण घरात पूर्वेची एखादी भिंत असेलच, कपाट दोन फूट सरकवून बघा एकदा.

प्रश्न : पांझरेतले गोटे आणून टँकच्या मागच्या बाजूला रचले तर चालतील का, कागदाऐवजी? (एक वाचक, साक्री)

चालतील, काळा गोटा घ्या, तो आपला बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. गोट्यात पांढऱ्या शिरा असतील तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसलं तर चुना, ठेवू नका. ब्रशने घासा, उकळत्या पाण्यातून काढा, आणि रचताना पहिला थर वाळूवर नाही, तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी घालून त्यावर बसवा, वाळू नंतर. मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर रचलेला ढीग एक दिवस काचेवर येतो. कागद मात्र तरीही लावा, गोट्यांच्या फटीतून तुमची भिंत दिसेलच की.