खाणीचा गाळ शेतात: आधी खरवडा, मग नांगरा

प्रश्न (डिचोली): वरच्या खाणीच्या टेलिंग पाँडचा (खनिज धुऊन उरलेला गाळ साठवायच्या तळ्याचा) बांध फुटून लाल गाळ भातशेतात बसला. लावणीला महिना झाला, खालची पाने तांबूस होताहेत. दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यांची दुप्पट फवारणी आणि जादा युरिया मारायला सांगतो. काय करावे?

उत्तर: फवारणी नको. त्या डब्यावरचे घटक वाचा, बहुतेक मिश्रणांत लोह असते. तुमच्या भाताला लोहच जास्त झाले आहे. एक चूड उपटून मुळे धुऊन बघा. पांढरी न दिसता गंजल्यासारखा थर दिसला, तर हा लोहाचाच त्रास. त्यावर आणखी लोह मारणार? दुप्पट सोडाच, एकपटही नको. युरियाही वाढवू नका.

आता शेताचा बांध फोडून साचलेले पाणी बाहेर काढा. सात ते दहा दिवस जमीन ओली ठेवा, पाणी तुंबू देऊ नका. पोटॅशचा हप्ता चुकवू नका. चुना उभ्या पिकात नको. तो पुढच्या हंगामाआधी, माती तपासणीत येईल तेवढाच.

कापणी झाली की गाळ खरवडून शेताबाहेर काढा. ट्रॅक्टरवाला म्हणेल, "मिसळून टाकतो, खत होईल." अजिबात ऐकू नका. स्पेनमध्ये आस्नालकॉयारचा बांध २५ एप्रिल १९९८ रोजी फुटला, तेव्हा विषारी गाळ हजारो हेक्टरांवर पसरला. तो यंत्रांनी उचलला, पण उचलताना काही मातीत गाडला गेला आणि तिथे दूषित पट्टे राहिले. ती शेती शेवटी सरकारने ताब्यात घेतली, पुन्हा पीक घेऊ दिले नाही. आपला गाळ तितका जहाल नसेल, पण मिसळलेला गाळ परत वेगळा होत नाही. आधी खरवडा, मगच कोरडी नांगरट.

वरून पाणी येते त्या तोंडाशी गाळखड्डा खणा आणि वाळ्याच्या दोन ओळी लावा. हे मी प्रत्येकाला सांगतो, करणारे थोडे.

खाणवाल्यांना पंचायतीमार्फत लेखी द्या: पाँड मे महिन्यातच उपसा, बांधातून झिरपणारे पाणी तपासा. "खाण बंद आहे" हे उत्तर घेऊ नका. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योच्या खाणीच्या बांधात सुमारे अडीच वर्षे नवा गाळ पडत नव्हता. आत मुरलेल्या पाण्याने तो २५ जानेवारी २०१९ रोजी कोसळला, २७० जीव गेले.

भरपाईसाठी कृषी कार्ड, एक-चौदा (जमिनीचा उतारा) आणि फोटो घेऊन विभागीय कृषी कार्यालयात या. पंचनाम्याआधी गाळ हलवू नका.