झोपताना वाचायला मोठं पुस्तक कुठलं घेऊ?

प्रश्न: लेक साडेपाच वर्षांची आहे, चित्रांची सगळी पुस्तकं पाठ झालीत. आता रोज थोडं थोडं वाचायचं मोठं पुस्तक हवंय, पण एक आणलं तर दुसऱ्याच पानावर उठून गेली. काय करू?

उत्तर: ताई, उठून गेली तर जाऊ द्या, बहुतेक प्रकरणं लांब असतील. दुकानात उभ्या उभ्या एक प्रकरण मोठ्याने वाचून बघा, दहा मिनिटांत संपलं पाहिजे आणि तुमची जीभ अडखळायला नको. मी पहिलं पुस्तक सुचवेन ‘तोत्तोचान’, एका जपानी मुलीच्या शाळेची गोष्ट, चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद आहे. प्रकरणं दोन-चार पानांची, शाळा भरते रेल्वेच्या डब्यांत, आणि जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं नि काहीतरी डोंगरातलं आणायचं असतं! माझ्या मुलाने तेव्हा रोज सकाळी डबा उघडून विचारायचं, आई भेंडी डोंगरातली का गं, आणि मला खरंच उत्तर सुचायचं नाही. फक्त शेवटाकडची प्रकरणं आधी स्वतः वाचून ठेवा, त्यात एक मित्र जातो आणि युद्धात शाळा जळते, तिथे घाई नको, ती विचारेल तेवढंच सांगा, रडली तर जवळ घ्या.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र सात-आठ वर्षांची झाल्यावर काढा, त्याचं ते जिभेने केलेलं ‘ट्टॉक्’ तेव्हा जास्त रंगतं. आणि रोज प्रकरण संपवूनच थांबायचं असं काही नाही हं, तिचे डोळे मिटले की खूण घालून ठेवा.