भू-वापर नकाशावरून फ्लाइटगिअर या विमान-सिम्युलेटरची सीनरी (वरून दिसणारी जमीन) बनवली, तर पैठणच्या शेतांमध्ये समुद्राचे निळे पट्टे का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की वर्ल्डकव्हर या उपग्रहावरून केलेल्या भू-आच्छादन नकाशाच्या रास्टरमधून (पिक्सेलच्या जाळीतून) शेती, झुडपं, वस्ती असा एकेक वर्ग वेगळा काढला, प्रत्येकाच्या कडा सोप्या केल्या आणि मग टेरागिअरला, म्हणजे सीनरी बांधणाऱ्या साधनसंचाला, दिला. घोळ तिथेच झाला. दोन शेतांमधला बांध दोघांनी आपापल्या बाजूने कोरला की मध्ये भेग पडणारच. त्या भेगेखाली जमिनीचा थर नसेल, तर टीजी-कन्स्ट्रक्ट (टेरागिअरचा शेवटी सगळं जोडणारा प्रोग्रॅम) तिथे सरळ समुद्र भरतं. म्हणून दुष्काळी तालुक्यात अरबी समुद्र!

आधी रास्टरवरच चाळणी लावा. जीडॅल या नकाशा-डेटाच्या साधनसंचातलं सीव्ह त्यासाठीच आहे. वर्ल्डकव्हरचा पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे हेक्टरला १०० पिक्सेल. मी दोन-तीन हेक्टरांखालचे ठिपके शेजारच्या वर्गात मिसळून टाकतो. त्यात शेतवस्त्या जातात, पण त्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून घरं म्हणून आणलेल्याच बऱ्या. नंतर सगळे वर्ग एकत्र ठेवून पॉलिगॉन (बंद आकृत्या) करा आणि ग्रास या नकाशा-सॉफ्टवेअरच्या व्ही.जनरलाइझ आज्ञेने कडा गुळगुळीत करा. सामाईक कड त्यात एकच राहते. वर्गांनुसार फाइली शेवटी तोडायच्या. शिवाय 'डिफॉल्ट' प्रकाराचा एक मोठा पॉलिगॉन सगळ्या भागाखाली अंथरा, म्हणजे एखादी फट राहिलीच तरी खाली जमीन दिसेल.

खरी डोकेदुखी मात्र पुढे आहे. वर्ल्डकव्हरमध्ये 'शेती' हा एकच वर्ग आहे. आपल्याकडे कालव्याखालचा ऊस आणि मुरमाड रानातली बाजरी एका रंगाची कशी चालेल? मे महिन्यात वरून पाहिलं तर एक हिरवं, दुसरं उघडं बोडकं. मी जायकवाडी धरणाच्या डाव्या-उजव्या कालव्यांचं लाभक्षेत्र ढोबळमानाने आखतो, त्यातली शेती फ्लाइटगिअरच्या 'इरक्रॉप' (बागायती) प्रकारात आणि उरलेली 'ड्रायक्रॉप'मध्ये (कोरडवाहू) टाकतो. बालाघाटच्या उतारांवरचं गवत आणि झुडपं 'स्क्रब' (खुरटी झाडी) प्रकारात एकत्र केली तरी कॉकपिटमधून कुणाला फरक कळत नाही. वर्ल्डकव्हरचे अकराच्या अकरा वर्ग आणायचा हट्ट सोडा. बर्फ नि खारफुटी इथे तशीही नाही.

नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाकडे, वेगळं लक्ष द्या. वर्षातले नऊ महिन्यांहून जास्त पाणी असेल, तरच वर्ल्डकव्हर त्याला कायमचं पाणी धरतं. त्यामुळे काठची गाळपेर जमीन (पाणी ओसरल्यावर पेरली जाणारी) कधी पाण्यात तर कधी शेतात मोडते. जमिनीच्या उंचीचा एसआरटीएम डेटा (अंतराळयानातून रडारने मोजलेला) तर फेब्रुवारी २००० चा, तेव्हाच्या पातळीचा. दोन्हींचा काठ जुळत नाही आणि पाण्याच्या कडेला विचित्र उतार तयार होतात. मी धरण भरलेलं दाखवतो, काठ एकदा हाताने आखून घेतो आणि तो 'लेक' म्हणून प्राधान्य यादीत (दोन प्रकार एकमेकांवर आले तर कोणता ठेवायचा हे ठरवणाऱ्या) शेतीच्या वर ठेवतो.

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जेनॲप्ट्स८५० या टेरागिअरच्याच विमानतळ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने टीजी-कन्स्ट्रक्टच्या आधी तयार करा, नाहीतर धावपट्टी शेतातून जाईल. सुरुवातीला सगळा मराठवाडा घेऊ नका. शहर, दौलताबाद, पैठण हे सगळं ई०७५एन१९ या एकाच टाइलमध्ये (७५ पूर्व, १९ उत्तरपासूनच्या एक अंशाच्या चौकोनात) येतं. तेवढी बांधा, विमान उडवून पाहा, पट्टे गेले की परभणी-नांदेडकडे सरका.