४५ हजारांचं पॅकेज की आईचा मोतीबिंदू?

नाशिकहून एका ताईंचा प्रश्न आलाय. आई ६८ वर्षांची, वडील नाहीत. आजीला शेवटी घरची माणसंही ओळखू येत नव्हती. आता आईने आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि सही जुळत नाही म्हणून बँकेतून दोन चेक परत आले. एका नेत्रकेंद्राने डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून स्मृतिभ्रंशाचा धोका सांगणारं पॅकेज सुचवलंय. वर्षाला १८,०००, तीन वर्षांचे एकदम भरले तर ४५,०००. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च ७०,००० सांगितलाय आणि पॉलिसीतून एका डोळ्याला २५,००० मिळतात. पण आई म्हणते, 'अजून दिसतंय की!' त्या विचारतात, पॅकेजचे पैसे भरू का?

ताई, भरू नका. सवलतीला भुलून तीन वर्षांचे आगाऊ भरणं तर मला जिमपासून क्लासपर्यंत कुठेच पटत नाही.

ते केंद्र अगदीच हवेत बाण मारत नाहीये. डोळ्याचा पडदा म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग, आणि त्याचे थर ओसीटी मशीनवर, म्हणजे डोळ्याचं स्कॅन करणाऱ्या यंत्रावर, मोजता येतात. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये ८,६२३ लोकांची नजरेची एक चाचणी झाली होती. स्क्रीनवर हलणाऱ्या ठिपक्यांतून त्रिकोण तयार होताना दिसला की बटण दाबायचं. पुढे ज्या ५३७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, ते या चाचणीत आधीच मागे पडले होते. पण हा हजारो लोकांचा एकत्र हिशोब आहे. एकट्या तुमच्या आईचा थर पातळ निघाला तर कारण काचबिंदू असेल, जास्त मायनस नंबर असेल किंवा नुसतं वय असेल. त्यात मोतीबिंदूमुळे ओसीटीची प्रतिमाही पुसट येते. म्हणजे धुरकट काचेतून फोटो काढून घ्यायचा आणि त्याचे ४५,००० मोजायचे!

खर्चाआधी मी प्रत्येकाला एकच विचारतो: उत्तर काहीही आलं तरी तुम्ही वेगळं काय करणार? 'धोका मध्यम' असा कागद हातात आला, तरी बीपी, साखर, कान, डोळे आणि फिरणं हेच सांभाळायचं. शिवाय उद्या आईचं विमाकवच वाढवायला गेलात, तर अर्जात तपासण्यांबद्दल विचारलं की हा रिपोर्टही दाखवावा लागेल.

मोतीबिंदूचं गणित वेगळं आहे. ७०,००० मधून दोन डोळ्यांचे विम्याचे ५०,००० वजा केले की खिशातून जातात २०,०००. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत, आणि उपचार न केलेलं दृष्टीदौर्बल्य त्यांत नव्याने आलंय. अमेरिकेतल्या सिएटलच्या ३,०३८ ज्येष्ठांच्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्के कमी दिसला. ऑपरेशनला मुळात धडधाकट माणसंच जातात असं कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरंही असेल. पण त्याच अभ्यासात काचबिंदूच्या ऑपरेशनचा असा फायदा दिसला नाही, म्हणजे नुसतं धडधाकट असणं हेच कारण नसावं. आणि मेंदूचं काय व्हायचं ते होवो, आईला जिन्याची पायरी तरी नीट दिसेल. पॉलिसीतला मोतीबिंदूचा प्रतीक्षाकाळ संपलाय ना, एवढं ऑपरेशनची तारीख घेण्याआधी बघा.

मला तर वाटतं, ती न जुळणारी सही आणि ते मीठ यांतही डोळ्यांचा वाटा असू शकेल. तरी गृहीत धरू नका. फिजिशियनकडून स्मरणशक्तीची साधी प्रश्नोत्तरांची चाचणी करून घ्या, तिला फार पैसे लागत नाहीत.

आयकरात वजावट मिळेल म्हणून पॅकेज घेणार असाल, तर प्रतिबंधक तपासणीची मर्यादा वर्षाला ५,०००च आहे, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर.

आता तुम्ही न विचारलेलं. स्मृतिभ्रंशात घरं तपासणीच्या खर्चाने अडत नाहीत, सह्यांनी अडतात. माझ्या एका क्लायंटच्या वडिलांच्या एफडीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात होत्या, सगळ्या एकट्याच्या नावावर. पैसा होता, पण केअरटेकरचा पगार मुलगा कर्ज काढून देत होता. नॉमिनी कामाला येतो माणूस गेल्यावर. आणि कुलमुखत्यारपत्राचं म्हणाल, तर ते देणाऱ्याचीच मानसिक क्षमता गेली की आपल्याकडे तेही संपतं, १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टाची पायरी चढावी लागते.

म्हणून आई शहाणीसुरती आहे तोवर, तिला पटवून आणि तिच्या संमतीने, खातं आणि एफडी दोघींच्या नावे 'दोघींपैकी कोणीही किंवा हयात' अशा करा. मुदतीआधी मोडायची परवानगीही त्यातच लिहून घ्या. मृत्युपत्रही आत्ताच करा. भावंडं असतील तर त्यांना समोर बसवून करा, नाहीतर त्याचीच वेगळी भानगड होते.

यातली एफडीची कामं लगेच उरका. ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, की आईला बँकेत नेऊन नमुना सही बदलून घ्या. चेक परत यायचे थांबले की मला कळवा.